बायोमासवरची वीज: जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन की आणखी कुठे?

माझा भाचा सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात को-जनच्या (एकाच वाफेतून वीज आणि हीट दोन्ही) बॉयलरवर आहे, तीन सीझन झाले त्याला. मध्यंतरी त्याने मला एक एक्सेल पाठवली. युरोपातले सगळे देश, कोण बायोमास आणि बायोगॅसपासून वर्षाला किती वीज करतो, मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेली यादी आणि खाली एकच ओळ, "मामा, जर्मनी फायनल करू ना?"

आता यादीत जर्मनी वर येणारच हो. बायोगॅस, लाकूड सगळं धरून तिथे वर्षाला साधारण ५० टेरावॅट-तास वीज होते, आपल्या भाषेत ५,००० कोटी युनिट, देशाच्या विजेतला आठ-नऊ टक्के वाटा. पण देशही तेवढा मोठा आहे. तीच यादी माणशी लावली की फिनलंड एकदम वर येतं आणि जर्मनी खाली घसरतं. आणि खरं सांगू का, दोन्ही याद्या लावून नोकरीचा निर्णय होत नाही. मी स्वतः चार वर्षं जर्मनीत बायोगॅसवर काढली, मग स्वीडनला आलो, मधे डेन्मार्कलाही इंटरव्ह्यू देऊन आलो. म्हणून भाच्याला जे फोनवर तासभर सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, को-जनवरची आणखीही पोरं हाच प्रश्न विचारत असतात. बॉयलर म्हणजे काय, गोबरगॅस कसा होतो वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहितीच आहे.

जर्मनीपासूनच सुरू करतो.

तिथली बायोगॅसची सगळी कहाणी एका कायद्यात आहे. २००० साली ईईजी, म्हणजे नवीकरणीय विजेचा कायदा आला (जर्मन लोक त्याला 'ए-ए-गे' म्हणतात, पहिले दोन महिने मला कळायचंच नाही कशाबद्दल बोलतायत), त्यात वीस वर्षं ठरलेला दर, आणि २००४ मधे त्यात शेतात मुद्दाम पिकवलेल्या मालावर जादा बोनस दिला. झालं, शेतकऱ्यांनी हिशेब केला आणि मका लावला. आज देशात नऊ हजारांच्या आसपास बायोगॅस प्लँट आहेत आणि आठ-नऊ लाख हेक्टर मका नुसता त्यांच्या पोटात जातो. लोक एवढे वैतागले की त्यासाठी 'मक्याचा सुळसुळाट' अशा अर्थाचा खास शब्दच तयार झाला, आणि २०१२ मधे सरकारला मका आणि धान्य मिळून ६० टक्क्यांच्या वर घालायचं नाही अशी मर्यादा आणावी लागली, पुढे ती आणखी खाली आणली.

मी होतो तो प्लँट लोअर सॅक्सनीत, एका शेतकरी कुटुंबाचा, ५०० किलोवॅटचं इंजिन. काम शिकायला याच्यासारखी जागा नाही, हे आधीच कबूल करतो. कारण माणसं दोन, आणि सगळं त्यांनीच करायचं. सकाळी लोडरने मुरघास (दाबून आंबवलेला हिरवा मका) फीडरमधे टाकायचा, डुकरांची स्लरी, म्हणजे पातळ शेण-मूत, किती घेतली ते लिहायचं, आंबलेल्या मालाचा नमुना घेऊन त्यातली आम्लं तपासायची, इंजिनाचं ऑइल, हायड्रोजन सल्फाइड वाढला की डायजेस्टरमधे (माल आंबवायची बंद टाकी) सोडायची हवा थोडी वाढवायची. नुसत्या मक्यावर स्लरी कमी करून चालवलं की जीवाणूंना कोबाल्ट, निकेल, सेलेनियम कमी पडतं आणि गॅस हळूहळू बसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं पण तिथे डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे मीटरवर रोज थोडा थोडा आकडा खाली येतोय आणि मालक माझ्याकडे बघतोय.

सप्टेंबर-ऑक्टोबरमधे मक्याची तोडणी. अगदी आपल्याकडे कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या लागतात तशी ट्रॅक्टरची रांग, रात्री अकरापर्यंत. काँक्रीटच्या तीन भिंतींमधे मका ओतायचा, वरून जड ट्रॅक्टर पुढेमागे फिरवून दाबायचा, मग प्लास्टिक घालायचं आणि त्यावर जुने टायर, शेकड्यांनी टायर. ते टायर टाकणं हा माझा पहिला युरोपियन जॉब अनुभव. टायरमधे पावसाचं पाणी साठलेलं असतं, ते उचलताना हमखास बाहीतून आत जातं आणि त्याला जो वास येतो तो अंघोळीने जात नाही. बायकोला मी त्या वासाचं वर्णन फोनवर "आंबलेलं इडलीचं पीठ अधिक डबकं" असं केलं होतं. ती तेव्हा पुण्यात होती म्हणून हसली.

हे सगळं चालून गेलं असतं, मनापासून सांगतो. रात्रीचे अलार्मचे फोन, मिक्सरच्या पात्यांना गवत गुंडाळलं जाणं, एक जानेवारी अशी की पाइपमधली स्लरी गोठली आणि मालकाचे वडील गरम पाण्याच्या किटल्या आणत होते. चालतंय, कुठल्याही प्लँटवर हे असतंच. माझं डोकं फिरलं ते पंख्यांमुळे.

पंखे म्हणजे असं. गॅस इंजिन शंभरातले चाळीसेक भाग वीज करतं आणि साधारण तेवढीच, किंवा थोडी जास्तच, हीट देतं. म्हणजे आमच्या ५०० किलोवॅट विजेबरोबर ५०० किलोवॅटच्या वर गरम पाणी. त्यातलं शंभर-दीडशे डायजेस्टर गरम ठेवायला लागतं, घर आणि गोठ्याला थोडं. बाकीचं? कंटेनरच्या छपरावर एक आडवा रेडिएटर असतो, वर चार मोठे पंखे. इमर्जन्सी कूलर असं त्याचं नाव. आमच्याकडे ही इमर्जन्सी एप्रिलमधे सुरू व्हायची आणि ऑक्टोबरला संपायची.

माझी खोली त्या कंटेनरपासून साठ-सत्तर पावलांवर, जुन्या गोठ्याच्या माळ्यावर. इंजिनाच्या आवाजाची सवय होते, तो एकसारखा असतो, उलट बंद पडलं की जाग येते. पंख्यांची होत नाही कारण ते थर्मोस्टॅटवर असतात. दोन पंखे चालू, मग चारही, मग धप्प बंद, मग पाच मिनिटांनी परत. जुलैत रात्री दोन वाजता मी जागा, खिडकी उघडावी तर आवाज, बंद करावी तर घाम, आणि डोक्यात गणित चालू: आत्ता साडेतीनशे किलोवॅट आभाळात गेले, आत्ता परत गेले. वर्षभराचा मका पिकवा, कापा, आणा, दाबा, टायर टाका, आंबवा, आणि त्यातली निम्मी ऊर्जा चिमण्यांना शेकायला. मला वाटतं साखर कारखान्यात वाढलेल्या माणसाला हे जास्त लागतं. माझे वडील कारखान्यातच होते आणि आमच्याकडे वाफ हा पैसा असतो, टर्बाइनमधून निघालेली वाफ पुढे रस आटवायला जाते, कुठे गळती दिसली तर शिफ्ट इंचार्ज आईबहीण काढतो. इथे गळतीलाच चार पंखे लावून ठेवलेले.

दीड किलोमीटरवर गाव होतं, सत्तरेक घरं, बहुतेक घरांत तेलाचा हीटर. मी मालकाला म्हटलं पाइप टाकू. तो म्हणाला आधी विचारून झालंय. तरी परत एकदा शाळेच्या हॉलमधे बैठक झाली, मी माझ्या मोडक्या जर्मनमधे चार स्लाइड दाखवल्या, लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, केक खाल्ला. २०१६ साल होतं, तेल स्वस्त झालेलं, कोण कशाला रस्ता खोदू देईल. गोष्ट तिथेच संपली.

आता न्यायाने बोलायचं तर सगळी जर्मनी अशी नाही. त्याच राज्यात गॉटिंगेनजवळ युंडे नावाचं गाव आहे, साडेसातशे वस्तीचं, २००५ मधे गावकऱ्यांनी सहकारी पद्धतीने बायोगॅस प्लँट काढला आणि हीटचे पाइप घरोघरी नेले, सगळ्या देशात त्याचं नाव झालं, नंतर अशी खूप गावं झाली. नवीन प्लँटना हीट वापरायची अट पण २०१२ च्या दुरुस्तीत आली. पण अट आली की पळवाट येते. आजूबाजूला काही जण त्या हीटवर लाकडं वाळवायचे, आणि गमतीत असं बोललं जायचं की काही लाकडं दर वर्षी नव्याने वाळतात. जुन्या प्लँटना, आमच्यासारख्या, ती अटही नव्हती.

आणि एक गोष्ट भाच्याच्या एक्सेलमधे नाही. वीस वर्षांचे ते दर २०२१ पासून एकेका प्लँटचे संपायला लागलेत. पुढे टिकायचं तर नव्या दरासाठी सरकारी लिलावात उतरा, किंवा इंजिन मोठं बसवून वीज महाग असेल तेवढेच तास चालवा (हा प्रकार मात्र तिथे जबरदस्त जमवलाय, सूर्य मावळला की इंजिन चालू, दुपारी गॅस फुग्यात साठवायचा). गेल्या काही लिलावांत जागा कमी आणि अर्ज खूप, २०२५ च्या सुरुवातीला संसदेने थोडा दिलासा देणारं पॅकेज मंजूर केलं, तरी छोटा प्लँट चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर चिंता असतेच. तुम्ही जिथे जॉइन व्हाल त्या प्लँटचं कितवं वर्ष चालू आहे हे आधी विचारा. अठरावं म्हणाला तर हसून विषय बदला.

इटलीबद्दल थोडक्यात, कारण मी फक्त दोनदा गेलोय. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात बायोगॅस भरपूर, आणि तिथे तुम्हाला प्लँटच्या पाटीवर ९९९ किलोवॅट हा आकडा सारखा दिसेल. एवढे सगळे ९९९ का? कारण २०१२ अखेरपर्यंत एक मेगावॅटपर्यंतच्या प्लँटला युनिटला २८ सेंट असा घसघशीत दर होता, मग कोण एक किलोवॅट जास्त बसवेल. आपल्याकडच्यासारखंच डोकं, मला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं. गोठ्यांत पंजाबी मंडळी इतकी आहेत की जेवणाची सोय जर्मनीपेक्षा कैक पटीने बरी. फक्त इटालियन आल्याशिवाय कोणी उभं करत नाही आणि परक्या इंजिनिअरला घेणाऱ्या कंपन्या मोजक्या. पोलंडमधे पोवानिएत्सला २०५ मेगावॅटचं निव्वळ बायोमासचं युनिट २०१२ पासून आहे, बॉयलरवाल्याने बघावं असं, पण बाकी देशात बरीच वर्षं कोळशात बायोमास मिसळायचा आणि हिरवा म्हणायचा असा कारभार होता.

इंग्लंड. भाषेचा प्रश्न नाही म्हणून पोरं आधी तिकडेच बघतात. तिथे जैववीज म्हटलं की एकच नाव, ड्रॅक्स, यॉर्कशायरमधे सेल्बीजवळ. पूर्वीचं प्रचंड कोळशाचं स्टेशन, २०१३ ते २०१८ मधे सहापैकी चार युनिट लाकडाच्या पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) घेतले, २.६ गिगावॅट, म्हणजे माझ्या त्या जर्मन प्लँटसारखे पाच हजारांवर प्लँट एका कंपाउंडमधे. पेलेट येतात अमेरिकेच्या दक्षिणेतून, लुइझियाना, मिसिसिपी, आणि कॅनडातून, जहाजाने, मग बंद वाघिणींच्या खास रेल्वेने थेट स्टेशनात. इंजिनिअरिंग म्हणून बघायला कमाल आहे. पेलेट भिजला की फुगून भुसा होतो, साठवला की आपोआप तापतो, त्याची धूळ स्फोटक, हे सगळं त्यांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर सांभाळलंय.

पण बारा कूलिंग टॉवर. मी ट्रेनमधून लांबूनच पाहिले आणि मला तो माळा आठवला. निम्म्याहून जास्त ऊर्जा परत आभाळातच, फक्त इथे पंखे नाहीत, उंच टॉवर आहेत आणि अटलांटिक ओलांडून आणलेलं लाकूड आहे. शिवाय सध्याची सबसिडी २०२७ पर्यंत, त्यानंतर २०३१ पर्यंतचा जो करार ठरलाय त्यात स्टेशन आत्ताच्या मानाने खूप कमी तास चालवायचं आहे. तिथे चांगली करिअर होणारच नाही असं मी म्हणत नाही, मोठ्या युनिटचा अनुभव सीव्हीवर चमकतो. पण स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट एप्रिल २०२४ मधे एकदम २६,२०० वरून ३८,७०० पाउंडांवर गेली आणि पुढेही वाढली, नवख्याला ती गाठणं अवघड.

डेन्मार्क हा खरं तर या सगळ्यात शहाणा मुलगा. १९७९ मधेच त्यांनी हीटचा कायदा केला, घरं एकेकटी गरम करण्याऐवजी शहराच्या पाइपने करायची, आज साधारण दोन तृतीयांश घरं त्यावर आहेत. १९९३ मधे राजकीय करार करून वीज कंपन्यांना सांगितलं की वर्षाला १२ लाख टन गव्हाचं वगैरे काड जाळा. काड! आपण शेतात पेटवून देतो ते. पाच-पाचशे किलोच्या चौकोनी गाठी, क्रेन एकदम अनेक गाठी उचलते आणि उचलतानाच वजन आणि ओल मोजली जाते, ओली निघाली तर ट्रक परत. काडात पोटॅश आणि क्लोरीन इतकं की सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या खाऊन टाकतं, राख वितळून चिकटते, त्यांनी त्यावर तीस वर्षं डोकं घातलंय. उसाचं पाचट बॉयलरमधे घालून बघितलेल्या कोणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल, आणि या एका कारणासाठी सुद्धा डेन्मार्कला जायला हरकत नाही.

बायोगॅसमधेही मक्यावर त्यांनी आधीच टाच आणली, २०१८ पासून ऊर्जापिकांची मर्यादा १२ टक्के, नंतर आणखी कमी. बाकी सगळं डुकरा-गाईंची स्लरी, कत्तलखान्याचा माल, वगैरे. मग मी का नाही गेलो? मला तिथे नको म्हणाले नाहीत, उलट चांगली ऑफर होती. पण तिथला बहुतेक बायोगॅस आता इंजिनाकडे जात नाही, तो शुद्ध करून सरळ गॅसच्या लाइनमधे सोडतात, देशाच्या गॅस वापरातला ४० टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा आज बायोगॅसचा आहे. म्हणजे माझं काम पंप, स्क्रबर आणि कॉम्प्रेसरचं झालं असतं. मला टर्बाइन हवं होतं. हा माझा हट्ट, तुमचा नसेल तर डेन्मार्क पहिल्या नंबरवर ठेवा, मी वाद घालणार नाही. फक्त ईयू ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी कामगारांसाठीचा युरोपियन युनियनचा परवाना) तिथे चालत नाही, त्यांची स्वतःची वेगळी पगाराची आणि कामांची यादी आहे, ते लक्षात ठेवा.

फिनलंड हे को-जनवाल्यांचं खरं माहेर. तिथली बरीचशी जैववीज कागदाच्या आणि लगद्याच्या कारखान्यांतून येते. लाकूड शिजवल्यावर उरतं ते काळं दाट पाणी, ब्लॅक लिकर, ते आटवून रिकव्हरी बॉयलरमधे जाळायचं, रसायनं परत मिळतात, वाफ मिळते, वीज मिळते, उरलेली विकायची. कारखाना आपल्याच कचऱ्यावर चालतो, अगदी आपल्या बगॅसवरच्या (उसाचा चोथा) कारखान्यासारखा, फक्त दहापट मोठा. २०१७ मधे आनेकोस्कीला जो नवा कारखाना झाला तो स्वतःच्या गरजेच्या दुपटीहून जास्त वीज करतो. आणि पश्चिम किनाऱ्यावर पिएतारसारीचा अल्होल्मेन्स प्लँट, २००१ चा, २६५ मेगावॅट, त्या काळी जगातला सगळ्यात मोठा बायोमास को-जन समजला जायचा. एक बारीक टीप, त्या गावात बहुसंख्य लोक स्वीडिश बोलतात, त्यामुळे फिनिश भाषेची भीती असेल तर तिथे थोडं सुसह्य. बाकी फिनिश मी आठ दिवस शिकलो आणि सोडली, विभक्ती पंधरा आहेत, आपल्या आठ बऱ्या.

तर स्वीडन. विजेच्या यादीत हा जर्मनीच्या बराच खाली असतो, पाणी आणि अणुऊर्जेपुढे बायोमासची वीज थोडीच, म्हणून भाच्याने त्यावर पिवळा रंग सुद्धा लावला नव्हता. पण इथे गोष्टच उलटी आहे. वीज हा जोडधंदा, मूळ धंदा गावाला हीट देणं. १९९१ मधे कार्बन टॅक्स लावला, तेल-कोळसा महाग झाला, गावोगावच्या नगरपालिकांच्या कंपन्या जंगलातल्या फांद्या-शेंड्यांवर (त्याला ग्रोट म्हणतात), सॉ-मिलच्या सालींवर, भुशावर आल्या. व्हेक्शो शहराने तर १९८० मधेच सुरुवात केली होती. २००३ मधे हरित विजेची सर्टिफिकेटं आली तेव्हा अनेकांनी बॉयलरला टर्बाइन जोडलं. स्टॉकहोमच्या वॅर्टामधलं २०१६ चं युनिट १३० मेगावॅट वीज आणि २८० मेगावॅट हीट देतं, आणि ते शहराबाहेर नाही बरं का, वस्तीला लागून, बंदरात, चिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, जहाजाने आणि रेल्वेने येतात. तिथेच आता धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्राखाली पुरायचं काम हाती घेतलंय, वर्षाला आठ लाख टन.

मी आहे तो प्लँट खूप छोटा, एका मध्यम गावाचा. पहिल्या दिवशी शिफ्टमधल्या माणसाने मला कंट्रोल रूममधे बसवलं आणि विचारलं, कंडेन्सर (टर्बाइनमधून निघालेली वाफ गार करून पाणी करणारं यंत्र) कुठे आहे सांग. मी ड्रॉइंगवर शोधतोय. त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. गावच कंडेन्सर. टर्बाइनमधून निघालेली वाफ गावाचं पाणी तापवते, नव्वदच्या आसपास जातं, पन्नासच्या आसपास परत येतं. आपलं बॅक प्रेशर टर्बाइनच, फक्त रसाच्या जागी घरं. शिफ्ट सुरू झाली की आधी थर्मामीटर बघायचा, उणे पंधरा असेल तर आज सगळं पूर्ण लोडवर.

आणि हे ऐका. चिप्समधे ओल ४५ ते ५० टक्के, बगॅसइतकीच. आपण ती ओल शिव्या देत चिमणीतून सोडतो. इथे धूर गावाच्या परत आलेल्या गार पाण्यावर थंड करतात, त्यातली वाफ पाणी होते, तिची हीट पण पाइपात जाते. हिशेब लोअर हीटिंग व्हॅल्यूवर केला, म्हणजे ओलीच्या वाफेतली हीट इंधनात धरलीच नाही, तर प्लँटची कार्यक्षमता शंभरच्या वर, १०५ वगैरे दिसते. मी पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मीटर बिघडलाय म्हणून नोंद करायला निघालो होतो. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "आणि चिमणीतून काय येतं मग?" म्हटलं, जवळपास गार धूर. त्यांनी आईला हाक मारून सांगितलं.

त्रास आहेत, लपवत नाही. जानेवारीत चिप्स गोठून बंकरमधे कमान धरतात, वर डोंगर आणि खाली फीडर रिकामा, मग माणूस बांबू घेऊन. पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड घेतलं की खिळे, बिजागऱ्या आणि नळ्यांना गंज. २०२२ नंतर रशियाकडून बाल्टिकच्या बाजूला येणारं लाकूड थांबलं आणि चिप्सचे भाव चांगलेच चढले. वीज स्वस्त असलेल्या दिवशी टर्बाइन बायपास करून नुसती हीट करतो, त्या दिवशी मी जरा रुसलेला असतो. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी बायोमास बॉयलर बंदच, कचरा जाळणारा प्लँट तेवढा चालू. मे-जूनमधे रेव्हिजन म्हणजे ऑफ-सीझनची दुरुस्ती, ऑक्टोबरला पुन्हा पेटवायचा. गळीत हंगामासारखंच चक्र, त्यामुळे मला परकं वाटलंच नाही. जंगलतोडीवरून इथेही भांडणं आहेत, आणि सलग कापलेला पट्टा पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही पोटात कसंतरी झालं होतं. आणि नोव्हेंबरचा अंधार, त्यावर मी काही बोलत नाही, बायकोला विचारा.

मास्टर्स करून यायचं असेल तर पैशाचं गणित वेगळं बसतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग सोडून, तिथे सेमिस्टरला १,५०० युरो), स्वीडनने २०११ पासून आणि फिनलंडने २०१७ पासून बाहेरच्यांना फी लावलीय, डेन्मार्कने त्याच्याही आधी. त्यामुळे शिकायला जर्मनी आणि राहायला उत्तरेकडे हा मी केलेला रस्ता अजूनही वाईट नाही असं वाटतं. स्वीडननेही वर्क परमिटसाठी पगाराची किमान अट वाढवलीय, तेव्हा ऑफर हातात आली की तो आकडा आधी ताडून बघा. आणि कुठल्याही देशात इंटरव्ह्यूला एक प्रश्न जरूर विचारा, जुलैमधे तुमची हीट कुठे जाते. उत्तर देताना समोरच्याने छपराकडे बघितलं तर समजून जा.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, पटतंय सगळं, पण पुण्यात जर्मन भाषेच्या ए-टू कोर्सची फी भरून झालीय." मग ठीक आहे, जा म्हटलं, शिकशील चांगलं. फक्त खोली घेताना कूलर कुठल्या बाजूला आहे तेवढं बघून घे.